मोहपारचं लाल शेवाळ

आमच्या कॉलेजात माझी ख्याती अशी की रत्नाबाई तोंडावर बोलते. बोलते तर बोलते. स्पिरिटात पाणी घालून आलं तर बाटली प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून "साहेब, याच्यात दिवा पेटवून दाखवा" म्हणणारी मीच. एकतीस वर्षं मी भंडाऱ्यात वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. माझ्या हातून काचपट्टी न घेता बीएस्सी झालेला पोरगा या शहरात सापडायचा नाही. यातल्या कोणालाही सांगितलं, की या बाईनं एक मोठं खोटं लिहून ठेवलं आहे, तर तो म्हणेल, जाऊ द्या न बाप्पा, उगाच काहीही.

पण लिहिलं होतं. पाच ओळींच्या एका चिठ्ठीवर. मागच्या वर्षी डिसेंबरात ती चिठ्ठी दामिनी मॅडमनं माझ्यापुढं ठेवली.

दामिनी म्हणजे मोहाडीच्या विणकराची पोर. वय एकतीस, आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवते. अंगानं काडी, पण कामाला भिडली की डबा तसाच घरी परत नेते. तिनं गोपाळराव सरांचं कपाट उघडलं होतं. सरांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेली रोपं, शेवाळं, सगळी कागदावर वाळवून चिकटवलेली, वर्षावार गठ्ठे बांधून त्या कपाटात होती. दर उन्हाळ्यात त्यात डांबरगोळ्या टाकायचं काम माझं. उघडून बघायचं काम बारा वर्षं कोणाचंच नव्हतं. दामिनी एकेक गठ्ठा सोडायची आणि सूक्ष्मदर्शकावर वाकून बसायची.

"रत्नाताई, जरा इकडे या न," ती एका दुपारी म्हणाली. "हे अक्षर तुमचं आहे न?"

माझंच होतं. कागदावर शेवाळाचा झुपका, जुन्या लुगड्याच्या काठासारखा जांभळट लाल. खाली चिठ्ठी. लाल शेवाळ, मोहपार, वैनगंगा नदी, वाहत्या पाण्यात दगडावर, तेरा जानेवारी एकोणीसशे एक्याण्णव. आणि माझी सही. तेव्हा मी सही करताना 'र'ला मोठा फराटा मारत होते, तोसुद्धा तसाच होता.

"असंल," मी म्हटलं. "कायले?"

"हे आजवर कोणी नोंदवलंच नाही. मी कितीक दिवसांची पाहून राहिली."

लाल शेवाळं म्हणजे बहुतेक समुद्रातली. गोड्या पाण्यात राहणारी मोजकी. तीही जिवंत असताना लाल दिसतच नाहीत, काळपट हिरवी, बुळबुळीत असतात. वाळली की मग लाली वर येते. दामिनीनं नखाएवढा तुकडा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात भिजवला होता. तेहेतीस वर्षांचं वाळलेलं ते फुगून मोकळं झालं होतं. मी डोळा लावला. बारीक मण्यांची माळच, मण्यातून मणी. फळ धरायची जागा कुठं, देठ किती पेशींचा, केस किती लांब, हे सगळं तिनं पन्नास पन्नास वेळा मोजून वहीत लिहिलं होतं. देशातल्या, बाहेरच्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं होतं. एक तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला, तिथूनही उत्तर आलं की ओळखीच्या कशाशीच जुळत नाही.

"नवी प्रजाती," ती म्हणाली.

आमच्या वेळच्या पुस्तकात 'नवी जात' असं लिहायचे. मी म्हटलं, "प्रजातीच म्हण माय. जाती आपल्याकडे आधीच कमी आहेत का?"

ती हसली. मग म्हणाली, "नाव मी ठरवलं आहे. जिथं सापडलं त्या जागेचं द्यायचं. मोहपारेन्सिस. रत्नाताई, तुमचं गाव गेलं, पन नाव राहील. जगात कुठंही कोणी या शेवाळावर लिहील तं त्याले मोहपारच म्हनावं लागंल."

एवढ्या प्रेमानं बोलली ती. मी "चहा सांगते" म्हणून तिथून निघाले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले.

मोहपार कुठं आहे असं आता कोणी विचारलं तर काय दाखवावं, पाणी? गोसीखुर्दचं धरण भरलं आणि आमचं गाव त्याच्या पोटात गेलं. आमच्यासोबत आणखी दोन गावं उठली आणि तिघांना मिळून एकच वसाहत दिली. तिघांत मोठं जे गाव त्याचं नाव फाटकावर लागलं. रेशनकार्डावर तेच, मतदारयादीत तेच, पोरांच्या दाखल्यावर तेच. मोहपार हे नाव आता कोणत्याच कागदावर नाही. म्हातारी माणसं मेली की पत्रिकेत 'मूळ गाव मोहपार' छापतात, तेवढंच.

आणि काय गाव होतं ते! दीडशे घरं. अर्धी आमची, बौद्धांची. विहार नदीच्या अंगाला, इतका की पौर्णिमेला वंदना चालू असताना डोंग्याचा आवाज यायचा. दिवाळीनंतर पाणी उतरलं की नदीत वाळूचे पट्टे उघडे पडायचे. बाबा त्यावर डांगरवाडी करायचे, टरबूज-खरबुजांची. वाळूत हातभर खड्डे, खड्ड्यात शेणखत, आणि चैत्रात अशी डांगरं की सुरी टेकवताच तडकत. पोरं रात्रंदिवस वाडीवर. आम्ही नदीतच झिरा उकरायचो आणि ओंजळीनं पाणी प्यायचो. ते पाणी नारळाहून गोड होतं, असं मी म्हटलं की दामिनी म्हणते, "ताई, गावाचं पानी सगळ्यांनाच गोड लागते." लागत असेल. पण आमचं होतंच.

उठायचा दिवस आला तेव्हा लोकांनी दारं काढली, छपराचे फाटे काढले, वरचे कवेलू उतरवले. विहारातली बुद्धमूर्ती ट्रॉलीत गादी घालून आणली. माझ्या मायनं काय घेतलं असेल? घाटावरचा कपडे धुवायचा दगड. चार माणसं लागली उचलायला. बाबा चिडले, "गोट्यांचा काय दुष्काळ आहे का तिकडं?" ती ट्रॉलीत दगडाशेजारी जाऊन बसली. तो दगड आज वसाहतीत तिच्या अंगणात नळाखाली आहे. बाबा मात्र वसाहतीत दोन वर्षंच काढू शकले. त्यांना नळाचं पाणी कधी पुरलंच नाही.

आता त्या चिठ्ठीचं सांगते.

गोपाळराव सरांचा एक दंडक होता. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावच्या पाण्यातलं एक शेवाळ आणायचं. तळं असो, बोडी असो, नदी असो, पण आपल्या गावचं. ते कागदावर बसवायचं, चिठ्ठी लावायची आणि वर्गापुढं उभं राहून पाच मिनिटं त्या पाण्याबद्दल बोलायचं. शेवाळाबद्दल नव्हे, पाण्याबद्दल. कुठून येतं, कधी आटतं, कोण भरतं, कोणाला भरू देत नव्हते. सर म्हणायचे, "ज्याले आपल्या गावचं पानी सांगता येत नाही, तो शेवाळ काय ओळखंल?" शहरातली पोरं हसायची. आम्ही गावातली पोरं मात्र महिनाभर आधीपासून मनातल्या मनात बोलून पाहायचो.

त्या जानेवारीत मी मोहपारहून बाटलीत भरून आणलं ते साधं हिरवं शेवाळ. प्रत्येकाच्या बाटलीत तेच. आमच्या घाटावर दुसरं काही नव्हतंच, वाळू आणि गाळ. वर ते एसटीतच सडलं आणि कंडक्टरनं बाटली खिडकीतून फेकायला लावली. दोनच दिवसांनी बपेऱ्याला आत्याच्या घरी नातवाचं बारसं होतं. तुमसरच्या पुढं, मध्यप्रदेशच्या वेशीवर. तिथं गावाबाहेर एक नाला आहे, करंजांच्या सावलीतला, पाणी बारमाही थंड. पाय धुवायला उतरले तर दगडावर काळपट काहीतरी केसांसारखं वाहत होतं. मी ओरबाडलं आणि डब्यात भरलं.

बपेरा लिहायला पाहिजे होतं. मी मोहपार लिहिलं. कारण मला मोहपारबद्दल बोलायचं होतं. त्याच वर्षी मोजणीवाले गावात येऊन दगडांवर चुना मारून गेले होते, पाणी कुठवर येईल ते सांगायला. आमच्या घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर खूण होती. मी वर्गापुढं पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं बोलले. डांगरवाडी सांगितली, झिरा सांगितला, आजोबांच्या काळी आमच्या लोकांचा घाट वेगळा होता आणि तो कसा एक झाला तेही सांगितलं. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी शेवाळ हातात घेऊन म्हणाले, "मोहपारले हे असतं? मले ठावूक नव्हतं." पूर्ण गुण दिले.

मी घरी सांगितलं. बाबांनी ते उचललं. पुढं तहसीलीत गाव उठवण्याची सुनावणी झाली तेव्हा बाबा उभे राहिले न म्हणाले, "साहेब, आमच्या नदीत लाल शेवाळ आहे. माया पोरीनं शोधलं, कॉलेजात ठेवलं आहे. आम्हाले न्याल तं न्याल, त्याले कुठं नेऊन बसवाल?" साहेब हसले. कारकून हसले. मी मागं दाराशी उभी होते. मला जमीन गिळेल तर बरं असं झालं होतं, आणि लोकांना वाटलं की साहेब हसले म्हणून पोरीचं तोंड उतरलं.

तर असं. खाई त्याला खवखवे म्हणतात, मी तेहेतीस वर्षं खाजवत होते.

दामिनीला कोणी सांगायला सांगितलं होतं काय माहीत, पण आठ दिवसांत बातमी वसाहतीत पोचली. भैय्याजी आमच्या वसाहतीतला पुढारी माणूस, मूळ मोहपारचाच. तो मोटरसायकलवर कॉलेजात आला. माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "रत्नाबाई, सव्वीस जानेवारीले बोर्ड लावून राहिलो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी. 'मोहपार, लाल शेवाळाचे गाव.' पेंटरले सांगून टाकलं." म्हाताऱ्या बाया मला रस्त्यात अडवून विचारायच्या, "आपल्या नदीतलं होय न वो?" मी 'हो' म्हणून मान हलवायची. एक जण तर सांगू लागली की तिनं लहानपणी ते पाहिलं होतं, घाटाच्या डाव्या अंगाला. आता काय म्हणावं?

मायला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, नजर अजून शाबूत. "होय का," म्हणाली आणि खडा वेचून टाकला. मला वाटलं, वय झालं, समजलं नसेल.

मी ठरवलं होतं, बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्या गेली, सर गेले, बाबा गेले. ज्या नाल्यातून आणलं तो नाला माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. कोणाचं काय बिघडतं? एका बुडालेल्या गावाला नाव मिळतं. सरकारनं पुसलं ते एका शेवाळानं लिहून ठेवलं तर बरंच आहे की. असं मी भाजी चिरताना, बस धरताना, परीक्षानळ्या धुताना स्वतःला समजावत होते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दामिनीनं लेख तयार करून मला वाचायला दिला. इंग्रजी होतं, पण एवढं इंग्रजी मला येतं. सगळं नेटकं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: ही प्रजाती फक्त एकाच ठिकाणाहून ज्ञात आहे. ते ठिकाण आता धरणाच्या स्थिर पाण्याखाली असल्यानं, आणि हिला वाहतं पाणी लागत असल्यानं, ती बहुधा नष्ट झाली आहे.

"नष्ट?" मी म्हटलं.

"दोन हिवाळे मी तिथं नावेतून फिरली, ताई. काहीच नाही. कारध्याच्या पुलापासून खाली सगळा काठ पाहिला." दामिनीचा आवाज खाली आला. "नाव देऊन राहिली न त्याच कागदावर मेलं असं लिहून राहिली. मले कसंतरी होते."

दोन हिवाळे. मला हे माहीतच नव्हतं. ती सुट्टीच्या दिवशी कुठं जायची ते मी कधी विचारलं नव्हतं. गठ्ठा मागेच सापडला होता आणि खात्री होईपर्यंत ती गप्प होती. ही पोर दोन वर्षं गारठ्यात, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या नावेत बसून, मी जिथं काढलंच नाही तिथं ते शोधत होती.

रविवारी मी बपेऱ्याची एसटी धरली. मनाशी सौदा केला होता. नाला आटला असेल, शेवाळ नसेल, तर मी गप्प बसणार. मग नष्ट तर नष्ट, मोहपार तर मोहपार, कोणाचं खोटं नाही. सगळ्या वाटेनं मी हेच मागत गेले की ते मेलेलं असो. लाज वाटते सांगायला, पण मागत गेले.

आत्याच्या नातसुनेला, गुड्डीला, आगाऊ फोन केला होता. ती शेतातून घेऊन गेली. करंजं अर्धी तोडलेली होती. नाल्यात प्लास्टिक अडकलेलं. मी म्हटलं, झालं. तरी चप्पल काढली, लुगडं खोचलं आणि उतरले. पाणी तसंच गार. तेव्हा जसं हाड धरलं होतं तसंच धरलं. वरच्या अंगाला, जिथं सावली शिल्लक होती, तिथं दोन दगडांच्या मधून पाणी खळखळत होतं, आणि दगडावर ते होतं. काळपट, बारीक, पाण्यासोबत हलत असलेलं. मी बोट लावलं. बुळबुळीत. मणी बोटाला लागत होते.

मी तिथंच पाण्यात बसले. गुड्डी घाबरली, "आत्या, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही गं. ओळखीचं भेटलं." आनंद झाला होता का दुःख, मला आजही वेगळं करून सांगता येत नाही. ते जिवंत होतं आणि माझं गाव त्या क्षणी दुसऱ्यांदा बुडालं.

सोमवारी सकाळी मी स्टीलचा डबा दामिनीच्या टेबलावर ठेवला.

तिनं झाकण काढलं. चिमट्यानं एक धागा उचलला, काचपट्टीवर घेतला, पाहिला. बराच वेळ पाहिला. "कुठं मिळालं?"

"बपेऱ्याले. तेव्हाही तिथूनच आनलं होतं. मोहपार मी खोटं लिहिलं."

एवढं बोलायला मला तेहेतीस वर्षं लागली आणि बोलून झालं तेव्हा घड्याळात अर्धं मिनिटही गेलं नव्हतं. दामिनी उठली, खिडकीशी गेली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "दोन वर्षं, ताई. मी तुम्हाले रोज गुड मॉर्निंग म्हनत होती."

"हाव."

"लेख गेला असता तं? उद्या कोनी बपेऱ्याचा नाला बुजवला असता न, कोनाले पत्ताही नसता लागला. आपन तं मेलं म्हनून मोकळे."

"म्हनूनच सांगून राहिली."

ती वळली. डोळे लाल. वाटलं आता बोलेल, आणि बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती विणकराची पोर. धागा तुटला की आधी गाठ मारायची, मग ओरडायचं. तिनं वही ओढली आणि विचारलं, "नाल्यावर सावली किती आहे? पानी किती खोल?" दुपारपर्यंत विचारत राहिली. ओरडली ती नंतर, संध्याकाळी, आणि चांगली ओरडली. ते मी इथं लिहीत नाही.

नाव आता मोहपारेन्सिस राहणार नव्हतं. दामिनी म्हणाली, नियमात बसवायचं म्हटलं तर बसवता येईल, पण मी देणार नाही. मी म्हटलं, देऊच नको.

मग मायकडे गेले. ती अंगणात त्या दगडावर बसून ऊन घेत होती. मी समोर जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. बारसं, नाला, चिठ्ठी, सगळं.

"मले ठावूक होतं," माय म्हणाली.

"काय ठावूक होतं?"

"आपल्या घाटावर तसलं काही नव्हतं. तेव्हावरी बावीस वर्सं कपडे धुतले होते न मी तिथं. या दगडाची शीर न शीर मले मालूम. तू घरी येऊन सांगतलं, लाल शेवाळ, तेव्हाच मले समजलं, पोरीनं कुठून तरी दुसरीकडून आनलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुया बाबालेही ठावूक होतं."

"बाबाले कसं?"

"नदीत उभा राहून डांगरं लावनारा मानूस तो. त्याले नाही समजनार? रात्री मले म्हने, तुळसा, पोरीनं आपल्या गावाचं नाव कागदावर लिवलं. आता कोनी खोटं म्हनो, आपन नाही म्हनायचं." मायनं पदरानं तोंड पुसलं. "मंग तो साहेबापुढं बोलला. साहेब हासले ते त्याले दिसलं नाही का? दिसलं. तरी बोलला."

मला इतकी वर्षं वाटत होतं, माझ्या खोट्यामुळं भोळ्या बाबांचं हसू झालं. ते भोळे नव्हते. सगळं समजून उभे राहिले होते. मी मायच्या टोंगळ्यावर डोकं ठेवलं आणि रडले. त्रेपन्न वर्षांची बाई, शेजारी बघताहेत, आणि मी रडते आहे. मायनं पाठीवर हात फिरवला नाही की काही नाही. मग म्हणाली, "जितं आहे न ते? मंग मेलं काहून लिवून राहिले होते? आपलं मेलं म्हनून त्याले कायले मारता? जाय, सांग लोकायले."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी सांगितलं. पेंटरनं बोर्ड रंगवून आणला होता, पिवळ्यावर लाल अक्षरं, लोखंडी खांबही रोवून तयार. सगळं ऐकून भैय्याजी म्हणाला, "एवढं तं चालते न रत्नाबाई. कोन पाह्यते?"

"मी पाह्यते," मी म्हटलं.

त्यानं बोर्ड पुन्हा रिक्षात टाकला. म्हाताऱ्या बाया घरी गेल्या. जिनं लहानपणी ते पाहिलं होतं तिनं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. खांब रिकामाच उभा राहिला, नंतर त्याला कोणीतरी शेळी बांधायला लागलं. मी दर आठवड्याला त्याच्यासमोरून मायकडे जायची आणि मान खाली घालायची.

लेख छापून यायला पुढचा नोव्हेंबर उजाडला. बपेरेन्सिस. दामिनीनं मासिकाची प्रत माझ्या हातात दिली आणि सोबत दोन कागद वेगळे. "हे तुमच्या आईसाठी मराठीत केलं. शेवटची टीप वाचून दाखवजा."

मी ते कागद घेऊन वसाहतीत गेले. मायला आधी शेवाळाचं वर्णन वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मान डोलवत होती, मणी किती, केस किती लांब. मग टीप आली. मी वाचली: "मूळ नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण चुकीने 'मोहपार' असे लिहिले आहे. मोहपार हे वैनगंगेच्या डाव्या काठावरील गाव होते. तेथील लोक नदीच्या पात्रात डांगरवाडी करीत. ते गाव आता जलाशयाखाली आहे. ही प्रजाती तेथे कधीही आढळली नाही."

"म्हनजे तिथं नव्हतं असं लिवलं," माय म्हणाली.

"हो."

"पन मोहपार होतं, असं लिवलं."

"हो."

"डांगरवाडीही लिवली."

"लिहिली."

तिनं कागदावर बोट ठेवलं. "हे किती वर्सं राहते?"

"त्या शेवाळाचं नाव राहील तोवर. त्याच्यावर पुढं कोणाले काही लिहायचं असलं, तं आधी हाच लेख उघडावा लागते. टीप वाचल्याशिवाय सुटका नाही."

"मंग बरं केलं बाई, तू तेव्हा खोटं लिवलं," माय म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला. अक्षरं दिसत नव्हती.

"थांबली काहून? वाच न," ती म्हणाली. "मोहपार जिथं आहे तिथून वाच."

मी तिथून वाचलं.